बेलिफाचा मुलगा आणि टेकडीखालचं लॉ कॉलेज

1 फेब्रुवारी 1964 रोजी प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर भारताचे सातवे सरन्यायाधीश झाले आणि 15 मार्च 1966 रोजी निवृत्त झाले. त्या दोन वर्षं दीड महिन्यांत देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. एकाचा जन्म साताऱ्यातला, 16 मार्च 1901 चा. दुसऱ्याचा देवराष्ट्र्यातला, 12 मार्च 1913 चा. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते साताऱ्यातच होतं. यशवंतराव वाढले, शिकले ते कराडात. म्हणजे 1965 चं युद्ध चालू होतं, तेव्हा देशाच्या न्यायसंस्थेचा प्रमुख आणि सैन्याचा कारभार पाहणारा मंत्री हे दोघेही जुन्या सातारा जिल्ह्यातले होते. यापुढची गोष्ट अधिक नवलाची. दोघांनी कायद्याची पदवी घेतली ती एकाच कॉलेजातून. पुण्याच्या टेकडीखालच्या आयएलएस लॉ कॉलेजातून गजेंद्रगडकर 1926 साली बाहेर पडले, यशवंतराव 1941 साली.

योगायोग म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण कराडच्या बाजूने या गोष्टीचा माग काढत गेलं की एकातून एक धागे निघत राहतात, आणि एखादं लॉ कॉलेज नेमकं काय करतं याचं उत्तर पुण्याच्या वर्गखोल्यांपेक्षा कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातल्या सातबाऱ्यांवर अधिक स्पष्ट दिसू लागतं.

आधी कॉलेजबद्दल. इंडियन लॉ सोसायटी ही संस्था 1923 साली स्थापन झाली आणि तिने 1924 साली कॉलेज सुरू केलं. त्याआधी मुंबई इलाख्यात कायद्याचं शिक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे यायचं ते मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज, 1855 पासूनचं. सातारा-कराडकडच्या मुलाला मुंबईत दोन वर्षं राहणं परवडणं कठीण. पुणं त्या मानाने जवळ आणि ओळखीचं. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे केवळ वकील नव्हते. हिंदू धर्मशास्त्रातले मूळ संस्कृत ग्रंथ शोधून छापणं, त्यांची इंग्रजी भाषांतरं करणं हे काम त्यांनी आयुष्यभर चालवलं. याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वरांची मिताक्षरा, नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख, स्मृतिचंद्रिका असे ग्रंथ त्यांच्या मालेतून वकिलांच्या टेबलावर आले.

हे काम किती उपयोगाचं होतं, ते आज सहज लक्षात येत नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत कोर्टात वाटपाचा दावा उभा राहिला की न्यायाधीशाला शेकडो वर्षांपूर्वीचा श्लोक आणि त्यावरची टीका पाहावी लागे. त्यातही गंमत अशी की एकाच इलाख्यात सगळीकडे एकच ग्रंथ श्रेष्ठ नव्हता. साताऱ्यासारख्या घाटावरच्या मुलखात मिताक्षरेचा शब्द वरचा. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मिताक्षरा आणि मयूख यांत मतभेद झाला तर मयूखाचं ऐकायचं. घाटाच्या या बाजूला जन्मलात की त्या, यावर तुमच्या वारसाहक्काचा श्लोक ठरत असे. बहिणीला वारसांच्या ओळीत मानाचं स्थान देणारा मयूख आणि जन्मतःच मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी मिताक्षरा यांच्यातला सूक्ष्म भेद एखाद्या शेतकऱ्याच्या दोन एकरांचा निकाल फिरवू शके. प्राचार्य स्वतः हे ग्रंथ संपादत असलेल्या कॉलेजात शिकण्याचा अर्थ काय असेल, याची कल्पना करावी.

गजेंद्रगडकर त्या कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. घराणं संस्कृत पंडितांचं. साताऱ्यात शाळा, मग धारवाडचं कर्नाटक कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मग लॉ कॉलेज. मुंबई उच्च न्यायालयाच्या अपिलेट साइडला वकिली सुरू केली, पण संस्कृत सुटलं नाही. त्यांनी 'हिंदू लॉ क्वार्टर्ली' नावाचं त्रैमासिक संपादित केलं आणि नंदपंडितांच्या 'दत्तकमीमांसा' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार केली. दत्तक कोणाला घेता येतं, केव्हा, कोणत्या विधीने, हा त्या ग्रंथाचा विषय.

इथे साताऱ्याचा इतिहास आठवल्यावाचून राहवत नाही. साताऱ्याचं राज्य गेलं ते दत्तकाच्याच मुद्द्यावर. 1848 साली राजे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो मानला नाही आणि वारस नसल्याचं कारण दाखवून राज्य खालसा केलं. त्या धोरणाखाली गेलेलं हे पहिलं राज्य. त्याआधी 1839 मध्ये पदच्युत केलेल्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथे अर्ज-विनंत्या, सभा, पत्रकं करत झगडत राहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या कायद्याने. यश आलं नाही. दत्तकाचा अर्थ लावण्याचा अधिकार गमावलेल्या त्या गावातला मुलगा पुढे दत्तकाच्या शास्त्रावरचा अधिकारी अभ्यासक होतो, 1945 मध्ये उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होतो, 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जातो आणि शेवटी त्याच न्यायालयाच्या प्रमुखपदी बसतो. हे कोणी ठरवून घडवलेलं नाही. तरीही वाचताना अंगावर काटा येतो.

गजेंद्रगडकरांचं सर्वांत मोठं काम मात्र धर्मशास्त्रातलं नव्हे, कामगार कायद्यातलं. स्वतंत्र भारतात बोनस, किमान वेतन, महागाई भत्ता, संप यांचे कायदे नवे होते आणि त्यांचा अर्थ लावायला जुने दाखले नव्हते. तो अर्थ ज्यांनी घडवला, त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. दुसरा एक निकाल तर आजही आपल्या पारावर, एसटीत, ग्रामसभेत चर्चेला असतो. आरक्षण साधारणपणे निम्म्याच्या आत असावं, हे सूत्र प्रथम मांडलं गेलं ते म्हैसूर राज्याविरुद्धच्या बालाजी खटल्यात. ते निकालपत्र गजेंद्रगडकरांनी लिहिलेलं आहे. पुढे 1992 च्या इंद्रा साहनी निकालात ते सूत्र पक्कं झालं आणि 2021 मध्ये मराठा आरक्षणाच्या निकालाच्या मध्यभागी तेच होतं. पन्नास टक्क्यांच्या रेषेवर तावातावाने बोलणाऱ्या साताऱ्यातल्या किती तरुणांना माहीत असेल की ती रेष पहिल्यांदा ओढणारा माणूस आपल्याच गावचा? तुम्ही त्या रेषेच्या बाजूचे असा की विरोधातले, निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे.

आणखी एक निकाल सांगायलाच हवा. चीनशी युद्ध झालं आणि ऑक्टोबर 1962 मध्ये आणीबाणी जाहीर झाली. भारत संरक्षण नियमांखाली लोकांना चौकशीविना स्थानबद्ध करता येऊ लागलं. 1963 च्या मखनसिंग खटल्यात गजेंद्रगडकरांनी सरकारचा बराचसा युक्तिवाद मान्य केला. पण स्थानबद्धतेचा हुकूम दुष्ट हेतूने काढलेला असेल किंवा कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेरचा असेल, तर त्याला आव्हान देता येईल, ही फट त्यांनी उघडी ठेवली. त्या वेळी संरक्षण खातं यशवंतरावांकडे होतं. एकाच कॉलेजचे दोन विद्यार्थी, एक सत्तेच्या बाजूला आणि एक सत्तेची मर्यादा आखणाऱ्या बाजूला. लॉ कॉलेजचं यश मोजायचं तर मला हेच माप योग्य वाटतं. एकाच पक्षाला मोठं करणाऱ्या संस्था पुष्कळ असतात, पण वादाच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं उभी करणारी संस्था दुर्मीळ.

त्याच कॉलेजातून 1942 साली कायद्याची पदवी घेतलेले यशवंत विष्णू चंद्रचूड फेब्रुवारी 1978 ते जुलै 1985 असे सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. इतका काळ ते पद दुसऱ्या कोणी भूषवलेलं नाही. माजी विद्यार्थ्यांची यादी लिहिताना आपण नुसते मानाचे तुरे लिहितो. खरं तर 1976 चा जबलपूर खटलाही लिहायला हवा. आणीबाणीत अटकेतल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टात येता येणार नाही असं म्हणणाऱ्या बहुमतात चंद्रचूड होते. 1963 मध्ये साताऱ्याच्या माणसाने उघडी ठेवलेली फट तेव्हा जवळपास बुजली. 2017 मध्ये खासगीपणाच्या अधिकाराच्या निकालात तो जबलपूरचा निर्णय चुकीचा म्हणून रद्दबातल ठरवला गेला, आणि तसं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे त्यांचाच मुलगा. कायद्याच्या विद्यार्थ्याला गुरुभक्ती आणि पितृभक्तीपलीकडे जाऊन वाचायला शिकवायचं असेल, तर हे तीन निकाल एकापुढे एक ठेवावेत.

आता कराडकडे वळू. यशवंतरावांचे वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते. आजच्या वाचकाला बेलीफ म्हणजे काय ते कदाचित सांगावं लागेल. न्यायाधीश निकाल देतो, वकील युक्तिवाद करतो, पण समन्स घेऊन दारात येतो तो बेलीफ. जप्तीचा हुकूम बजावतो तो बेलीफ. शेताचा ताबा देताना पंचनामा करतो तोही बेलीफच. कायद्याचं गावाशी जे पहिलं आणि बहुधा धास्तीचं नातं जुळतं, ते त्याच्या पावलांनी. यशवंतराव लहान असतानाच वडील प्लेगमध्ये गेले. आई विठाबाईंनी आणि थोरल्या भावांनी घर सावरलं. कराडच्या टिळक हायस्कुलातला हा मुलगा 1932 मध्ये स्वातंत्र्य चळवळीत अठरा महिन्यांची शिक्षा भोगायला गेला. म्हणजे समन्स बजावणाऱ्याचा मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यातून कायदा पाहून आला. मग 1938 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए. आणि पुण्याच्या लॉ कॉलेजातून 1941 मध्ये एलएल.बी. त्यानंतर कराडात वकिली. या सगळ्या वाटचालीचं चित्र त्यांच्या 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात आहे.

वकिली फार काळ चालली नाही. 1942 उजाडलं, जूनमध्ये वेणूताईंशी लग्न झालं आणि ऑगस्टनंतर नवे वकीलसाहेब भूमिगत. पुढच्या काही वर्षांत सातारा जिल्ह्यात जे घडलं, तेही न्यायाच्या इतिहासात मोलाचं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने 1943 पासून गावोगाव न्यायदान मंडळं बसवली. इंग्रजांच्या कोर्टाची पायरी न चढता बांधाचे, देण्याघेण्याचे, घरगुती तंटे गावातच सुटू लागले. वेळ, पैसा आणि तारखांचे हेलपाटे वाचले. त्या न्यायात कठोरपणाही होता, आणि आरोपीला आपली बाजू मांडायची पूर्ण संधी मिळे असं प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. पण लोकांना कशाची भूक होती ते त्यातून कळलं: न्याय जवळ हवा, आपल्या भाषेत हवा आणि लवकर हवा.

कराडच्या त्या वकिलाने ही भूक ओळखली होती, असं मी म्हणतो ते पुढचे कायदे पाहून. 1 नोव्हेंबर 1956 ला यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, 1 मे 1960 ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. या सहा वर्षांत झालेल्या कायद्यांची नुसती नावं वाचली तरी गावाचं अख्खं रूप बदलताना दिसतं. कनिष्ठ गाव वतनं नाहीशी करणारा 1958 चा कायदा. ग्रामपंचायतींचा कायदा. सहकारी संस्थांचा 1960 चा कायदा, ज्याच्या चौकटीत कृष्णाकाठचे साखर कारखाने, सोसायट्या आणि दूध संघ चालतात. शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा 1961 चा कायदा. आणि जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचा 1961 चा कायदा, जो 1 मे 1962 पासून अमलात आला. हे एका माणसाचं काम नव्हतं. वसंतराव नाईक समितीचा अहवाल, विधिमंडळातल्या चर्चा, सचिवालयातले मसुदे लिहिणारे अधिकारी, चळवळी, असे किती तरी हात त्यामागे होते. तरी मुख्यमंत्र्याला मसुदा कलमागणिक वाचता येणं, कोणत्या शब्दामुळे उद्या कोर्टात काय होईल हे समजणं, याचं मोल मोठं.

यातल्या वतनाच्या कायद्याशी थोडा वेळ थांबायला हवं, कारण त्याचा धागा कराड तालुक्यातल्या एका रेल्वे स्टेशनापर्यंत जातो.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्यातल्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तीच आजची छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात हा मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील गोरेगावला तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. मसूर कराड तालुक्यात. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरने चौकशी केली आणि मुलं महार आहेत हे कळताच मागे सरकला. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार या अटीवर. वाटेत रात्रभर कोणी पाणी दिलं नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रवास सांगितला आहे.

तोच मुलगा जून 1935 मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला. मसूरच्या फलाटावर ज्याला बैलगाडी मिळता मिळत नव्हती, त्याच्या हाताखाली इलाख्यातले भावी वकील आणि न्यायाधीश शिकू लागले. त्याआधी, 1928 मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं होतं. वतन म्हणजे थोडीशी जमीन आणि तिच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या, दिवसरात्र, ठरलेली वेळ नसलेली गावकी. जमीन आहे म्हणून सोडवत नाही आणि सोडवत नाही म्हणून गुलामी सुटत नाही, असा तो फास. ते विधेयक तेव्हा मंजूर होऊ शकलं नाही. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. दोन वर्षांनी कनिष्ठ वतनांचा कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 1959 पासून अमलात आला. मुख्यमंत्री होता कराडचा वकील.

त्या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. वतन संपलं, त्याबरोबर सक्तीची सेवाही संपली. जमीन सरकारजमा झाली, पण वतनदाराला ती परत मागता येत होती. त्यासाठी शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरायची. आणि एक अट: परवानगीशिवाय ती विकता येणार नाही. आजही अनेक गावच्या सातबाऱ्यांवर ही अट नोंदवलेली सापडते. ती अट जमीन धनदांडग्यांच्या हाती जाऊ नये म्हणून होती. पुढे तीच कुटुंबांना अडचणीचीही ठरली, कर्ज आणि विक्री दोन्हींत. एका कलमातून संरक्षणही निघतं आणि जाचही, हे ज्याला सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात दिसलं, त्याला कायदा कळू लागला म्हणायचं. मसूरच्या स्टेशनपासून त्या रकान्यापर्यंत 58 वर्षांचं अंतर आहे आणि वाटेत दोन लॉ कॉलेजं लागतात.

संशोधनाचं म्हणाल तर सातारा जिल्ह्यातच एक चमत्कार घडला, आणि तो कोणत्याही लॉ कॉलेजात नव्हे. कृष्णेच्याच काठी, वाईला, 1916 साली केवलानंद सरस्वतींच्या प्रेरणेने प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी 'धर्मकोश' हाती घेतला. त्याचं व्यवहारकांड 1937 ते 1941 या काळात तीन भागांत प्रसिद्ध झालं. व्यवहार म्हणजे दावे, तंटे, न्यायालयीन काम. वेदांपासून स्मृती, कौटिल्याचं अर्थशास्त्र, टीका आणि निबंधग्रंथांपर्यंत न्यायव्यवस्थेबद्दल संस्कृतात जे जे लिहिलं गेलं, ते विषयवार आणि कालक्रमाने एका जागी. कर्ज घेणं, ठेव ठेवणं, भागीदारी, मजुरी न देणं, सीमेचा वाद, वाटणी; जुन्या शास्त्रकारांनी दाव्यांची जी अठरा प्रकरणं पाडली होती, ती वाचताना आपण कराडच्या दिवाणी न्यायालयाचा आजचा बोर्ड तर वाचत नाही ना, असं वाटतं. बांध कोरला, तर खुणेची झाडं कोणती पाहायची, साक्ष कोणाची घ्यायची, याची चर्चा तिथे आहे. याच तर्कतीर्थांनी भारतीय राज्यघटनेच्या संस्कृत भाषांतरातही प्रमुख वाटा उचलला. एकाच टेबलावर जुन्यातलं जुनं न्यायशास्त्र आणि नव्यातली नवी घटना. मुंबई-दिल्लीच्या कोणत्याही विधी संस्थेने अभिमान बाळगावा असं काम छोट्या वाईत झालं.

पुण्याच्या कॉलेजातही संशोधनाची ती परंपरा पुढे गेली, वेगळ्या दिशेने. प्राचार्य सत्यरंजन साठे यांनी प्रशासकीय कायदा आणि न्यायालयीन सक्रियता यांवर लिहिलेले ग्रंथ देशभर अभ्यासले जातात. जया सागडे यांचं बालविवाहावरचं पुस्तक 2005 साली आलं. बालविवाह हा विषय आपल्याला नवा नाही. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबात मुलीला मागे कोणाकडे ठेवायचं, हा प्रश्न पुढे आला की तिचं लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो. कायदा काय म्हणतो, लग्न अवैध ठरतं की ठरवून घ्यावं लागतं, मुलीने कोणाकडे जायचं, या बारकाव्यांवर पुस्तकी वाटणारं संशोधनच उपयोगी पडतं.

मुलींचा विषय निघाला म्हणून मिताक्षरेकडे पुन्हा येतो. जन्मतः वाटा हा त्या ग्रंथाचा सिद्धांत, पण तो मुलापुरता. महाराष्ट्राने 1994 मध्ये कायदा बदलून मुलीलाही सहदायाद केलं. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने देशभरच्या मुलींना तो हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत, यावर पंधरा वर्षं वेगवेगळे निकाल येत राहिले. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माचा आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. घारपुरेंनी भाषांतरित केलेला, वाईत कोशात बसवलेला तो जुना सिद्धांत अखेर लेकीपर्यंत पोचला.

पोचला का पण? कागदावर, हो. गावात वडिलांचं दहावं-तेरावं झालं की काही दिवसांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. अनेकदा वाचूनही पाहत नाही. इथे मला आजच्या विधी महाविद्यालयांचं काम सर्वांत मोठं दिसतं.

कराडच्या मुलाला किंवा मुलीला आता वकील होण्यासाठी पुण्याला जावंच लागतं असं नाही. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे. रयतची स्थापनाच मुळी 4 ऑक्टोबर 1919 ची, कराडजवळच्या काले गावातली. कमवा आणि शिका म्हणत संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांनी उभ्या केलेल्या वसतिगृहातून बॅ. पी. जी. पाटील यांच्यासारखा मुलगा इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतला. पण काळा कोट घालून पैसा मिळवण्याऐवजी तो रयतमध्ये शिकवायला आला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. सांगलीत एन. एस. सोटी लॉ कॉलेज आहे, कोल्हापुरात 1933 पासूनचं शहाजी लॉ कॉलेज.

या महाविद्यालयांतलं सामूहिक जीवन बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला अभिरूप न्यायालयात, म्हणजे मूट कोर्टात, तीन खटले लढवावे लागतात. दिलेल्या प्रकरणात तुम्ही कोणाच्या बाजूने, हे आवडीवर ठरत नाही. भाऊबंदकीने पोळलेल्या घरातल्या मुलावर नेमकी हिस्सा नाकारणाऱ्या भावाची बाजू मांडायची वेळ येते. रात्र रात्र जागून तो दाखले काढतो आणि पहाटे त्याला कळतं की समोरच्याकडेही म्हणण्यासारखं काही आहे. माझ्या मते कायद्याच्या शिक्षणातला हा सर्वांत मोठा क्षण. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा, त्याची टिपणं काढायची. पक्षकाराशी वकील कसा बोलतो ते ऐकायचं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा. आणि प्रत्येक महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र चालवायचं.

हे केंद्र मनापासून चालवलं तर काय होतं? चार मुलंमुली प्राध्यापकाबरोबर एखाद्या गावात जातात, ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या ओवरीत बसतात. आधी कोणी येत नाही. मग एक आजी येते, विधवा पेन्शनचा कागद घेऊन. तिच्यामागून वारसनोंद अडलेला माणूस. आणि सगळे पांगल्यावर, हळूच, सही करायची की नाही असं विचारणारी लेक. विद्यार्थ्याला वकीलपत्र दाखल करता येत नाही, पण कागद वाचून दाखवता येतो आणि त्याचा अर्थ सांगता येतो. हक्कसोडपत्र म्हणजे काय आणि सही नाही केली तरी चालतं, एवढं सांगायला सनद लागत नाही.

17 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. कित्येक वर्षं वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी आंदोलनं केली होती. अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडणाऱ्या कराडच्या शेतकऱ्याला आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल. इथल्या विधी महाविद्यालयांतल्या मुलांना उच्च न्यायालयातला युक्तिवाद दीड-दोन तासांच्या अंतरावर ऐकायला मिळेल. गजेंद्रगडकरांच्या पिढीला त्यासाठी मुंबई गाठावी लागली होती. येत्या काळात या सहा जिल्ह्यांतून कोणत्या तोडीचे वकील आणि अभ्यासक घडतात, इकडे माझं लक्ष राहील.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा भावकीत एखाद्या बहिणीपुढे, भावजयीपुढे कागद ठेवलेला असेल, तर सही करण्याआधी तिला तालुक्याच्या कोर्टात घेऊन जा. तिथे तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना तिथून मोफत वकील मिळतो. त्यासाठी त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. कोर्टापर्यंत जाणं जमत नसेल तर 15100 हा क्रमांक फिरवा. त्या फोनला पैसे पडत नाहीत.